चुकीच्या उत्तरांचा मालक

बरोबर उत्तर काढायला अक्कल लागत नाही, ते कुठल्याही शब्दकोशात पडलेलं असतं. अक्कल लागते ती चुकीचं उत्तर काढायला. हसू नका. मास्तरणीचं पोट त्याच्यावरच चालत होतं.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. उभ्या जन्मात ती कुठल्या वर्गावर गेली नाही. नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं काढणारी आणि सराव परीक्षा घेणारी एक कंपनी होती, तिच्यासाठी ती घरी बसून इंग्रजीचे प्रश्न तयार करायची. वर एक इंग्रजी वाक्प्रचार, खाली त्याच्या अर्थाचे चार पर्याय. एक बरोबर, तीन चुकीचे. मास्तरीण हे नाव बाबांनी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की शेजारच्या बायकाही तिला तेच म्हणायला लागल्या.

आता चुकीचे पर्याय म्हणजे काही उचलली जीभ लावली टाळ्याला असं काम नाही. 'टू सिट ऑन द फेन्स' म्हणजे काय असं विचारून खाली 'कांदे चिरणे' लिहिलं, तर शेंबडं पोरसुद्धा ते बाजूला काढेल. चुकीचं उत्तर असं हवं की अर्धवट समजलेल्या माणसाने ते वाचून मान डोलवावी. असलं उत्तर डोकं खाजवून सुचत नाही. त्यासाठी मनापासून चुकणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस मास्तरणीच्या घरातच होता.

बाबा सोफे आणि खुर्च्या मढवून द्यायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. सगळीकडे फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, उलट्या टाकलेल्या खुर्च्या. त्या पसाऱ्यात उजेड चांगला म्हणून मास्तरीण लॅपटॉप घेऊन तिथेच बसायची आणि वाक्प्रचार मोठ्याने वाचायची. बाबा तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून एकेक ठोकत असायचे. तोंडात चुका आणि उत्तरातही चुका, असं आई आतून म्हणायची.

"बाबा, टू सिट ऑन द फेन्स."

"फेन्स म्हणजे कुंपण ना? मग सोसणं. कुंपणावर बसून बघ एकदा, कळेल."

खरा अर्थ, कुणाचीच बाजू न घेणं. पण 'त्रास सोसणे' हा पर्याय त्या वर्षी निम्म्या मुलांनी निवडला. 'टू बरी द हॅचेट' म्हणजे भांडण मिटवणं, बाबा म्हणाले, "कुऱ्हाड पुरली? पुरावा नष्ट केला मेल्याने." 'सॉल्ट ऑफ द अर्थ' म्हणजे सज्जन, साधी माणसं, बाबांच्या मते जमिनीत मीठ म्हणजे पीक बुडालं, सबब कपाळकरंटा माणूस. 'अंडर द वेदर' म्हणजे आजारी, बाबांकडे उत्तर तयार, "ज्याला घर नाही तो." सगळं कसं ठाम. एखादा शब्द अडला की बाबा थांबत नसत, धडाधड ठोकून देत. त्यांना तीन इयत्तांच्या पुढचं इंग्रजी येत नव्हतं, पण त्याची त्यांना लाज नव्हती, उलट तोराच होता. पुस्तक छापून आलं की ते आपली उत्तरं बोटाने शोधायचे. "हे माझं. हेही माझं. ह्या पानावर नुसता मीच आहे."

त्यांच्यात एक नियम होता. बाबा उत्तर देईपर्यंत मास्तरणीने चेहरा हलवायचा नाही, आणि उत्तर दिल्यावर बरोबर की चूक ते खरं सांगायचं. लाड म्हणून कधी 'जवळजवळ बरोबर' म्हणायचं नाही. बाबांना ते चालत नसे. "सीट ढिली असली तर ढिली म्हण. गिऱ्हाईक पडल्यावर मग म्हणू नकोस," असं त्यांचं म्हणणं.

कंपनीतल्या संपादकबाईंचाही एक नियम होता आणि तो त्या दर बैठकीला घोकून घ्यायच्या. स्पेलिंग चुकलं तर माफ, अर्थ थोडा इकडचा तिकडे झाला तर माफ, पण ज्या प्रश्नाच्या चार पर्यायांत बरोबर उत्तरच नाही असा प्रश्न छापून गेला तर माफी नाही. मग सगळ्यांनाच मार्क द्यावे लागतात, आणि कंपनीचं नाक कापलं जातं. मास्तरणीच्या हातून तसला प्रश्न कधी गेला नव्हता.

मग बाबांच्या पोटात गाठ निघाली.

भरती झाले त्या दिवशीच त्यांनी मास्तरणीला खाटेजवळ बोलावून घेतलं. आई अर्ज भरायला गेली होती. "हे बघ," ते म्हणाले, "बरा होणार असेन तर कापा, टोचा, नळ्या घाला. हूं की चूं करणार नाही. पण नसेन होणार, तर मला इथे कुजवत ठेवू नका. माझ्या दिवाणावर नेऊन टाका. काय?"

"हो," मास्तरीण म्हणाली.

दिवाण पुढच्या खोलीत खिडकीखाली होता. बाबांनी तो स्वतःसाठी बनवला होता, लाकडापासून गादीपर्यंत सगळं आपल्या हाताने. गिऱ्हाइकांचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात केलेली ती एकच वस्तू.

ऑपरेशन झालं. बाबांनी खरंच हूं की चूं केलं नाही. नाकातून नळी गेली, तीही सोसली, जरी तिच्यामुळे घसा सोलून निघत होता आणि आवाज फाटक्या कापडासारखा यायला लागला होता. रोज सिस्टर ती नळी साफ करायला आली की बाबा मास्तरणीचा हात धरायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "बरा होणारे ना, मग होऊ दे."

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. एरवी ते आपल्यासारखंच बोलायचे, हवापाण्याचं विचारायचे, पण वाईट बातमी आली की ह्या लोकांना इंग्रजी फुटतं. कागद वरखाली करत ते बाबांच्या पायथ्याशी उभे राहिले आणि बरोबरच्या डॉक्टरणीला म्हणाले, "अवर एम नाऊ इज टू कीप हिम कम्फर्टेबल." बाबांच्या खांद्यावर थोपटून ते पुढच्या खाटेकडे वळले.

मास्तरणीला तो वाक्प्रचार पाठ होता. कोणाला नसतो? डॉक्टर हे म्हणतात तेव्हा बरं करण्याचं काम त्यांनी थांबवलेलं असतं. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच उरलेलं असतं. बाहेर गाठून तिने विचारलं, तर डॉक्टरांनी मान हलवली. घरी न्यायचं तर न्या म्हणाले. नळी काढता येईल, दुखण्याचं औषध घरी देता येईल, सिस्टर येऊन जाईल. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही.

व्हरांड्यात आई पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "काय म्हणाला गं?"

"उपचार संपले, आई. दुखणं तेवढं कमी ठेवणार आहेत."

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. तिला त्याचंच नवल वाटलं. आपण एखादा पर्याय वाचून दाखवावा तसं हे सांगतोय, असं तिच्या मनात आलं, आणि पुढे काहीच आलं नाही. आत काही तुटायला हवं होतं, ते तुटलं नाही. बधिर झालेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसं ती स्वतःला चाचपून बघत होती.

आईने बाटलीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घट्ट केलं. "त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर आजच संपतील. त्यांचा धीर मला माहीत आहे, तो वरवरचा आहे. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"त्यांनी मला सांगितलं होतं, आई. नाही बरा झालो तर घरी."

"म्हणूनच! घरी नेलं की ओळखतीलच ना? राहू देत इथे. इथे निदान आशा तरी आहे त्यांना."

मास्तरणीने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात काहीतरी लागतं. ती बरं म्हणाली आणि आत गेली. बाबांनी विचारलं, "काय म्हणाला तो? कम्फर्टेबल का काय?"

"आराम पडेल म्हणाले."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बरा होणारे ना?" असं पुढे विचारलं नाही. सिस्टर नळी साफ करायला आली तेव्हा त्यांनी डोळेही मिटले नाहीत, छताकडे बघत राहिले. मास्तरणीच्या हे लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही काही वाटलं नाही. तिने लॅपटॉप उघडला.

पुढचे दिवस सगळे एका रंगाचे गेले. सकाळी आईला उठवायचं, वॉर्डात यायचं, चादर बदलून घ्यायची, औषधाच्या बाटल्या आणायच्या, खुर्चीवर बसून प्रश्न करायचे. संपादकबाई फोनवर म्हणाल्या की घरचं निस्तर, काम थांबलं तरी चालेल. मास्तरीण म्हणाली, कामाने बरं वाटतं. तेही खरं नव्हतं. बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. आई व्हरांड्यात जाऊन पदर तोंडाला लावून रडून यायची, आणि मास्तरणीला तिचा हेवा वाटायचा. बाबा दिवसेंदिवस वाळत चालले होते, त्यांच्या हातावरच्या चुका टोचल्याच्या जुन्या खुणा तेवढ्या ठळक दिसत होत्या. रोज नळी साफ व्हायची. रोज घसा सोलला जायचा. कशासाठी, हे त्या तिघांत फक्त मास्तरणीला आणि आईला ठाऊक होतं, आणि दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

एका दुपारी आई घरी कपडे आणायला गेली होती. शेजारची खाट रिकामी होती. मास्तरीण प्रश्न लिहीत बसली होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हल्ली विचारत नाहीस."

"काय?"

"प्रश्न. माझ्याशिवाय कसे करतेस? चुका कुठून आणतेस?"

तिने समोर होता तो वाचला. "टू ब्रेक द आइस."

बाबांनी वेळ घेतला. "बर्फ फोडणं. थंड माणसाला दुखावणं."

"चूक."

"लिहून घे." ते जरा हसले, पण खोकला आला आणि हसू त्यातच गेलं. तिने त्यांना पाण्याने ओठ ओले करून दिले. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "आता माझा प्रश्न. टू कीप हिम कम्फर्टेबल. पर्याय तू दे. अ, ब, क, ड. नेहमीसारखे."

मास्तरणीच्या बोटांखाली लॅपटॉप गरम लागत होता. तिला आईची शपथ आठवली, बाबांना दिलेला 'हो' आठवला, आणि दोन्ही सारख्याच लांब कुठेतरी वाटले. पण हात सवयीचे असतात. पर्याय द्यायचे म्हटल्यावर डोकं आपोआप चालू लागलं. चारही साधारण एका लांबीचे हवेत, एकाच चालीचे हवेत, एकही दुसऱ्याहून जास्त शहाणा दिसता कामा नये.

"अ," ती म्हणाली, "रोग्याला ऑपरेशनआधी विश्रांती देणे. ब, रोग्याची ताकद भरून येऊ देणे. क, रोग्याला शांत खोलीत हलवणे. ड, रोग्याला घाबरू न देणे."

"परत वाच."

तिने परत म्हणून दाखवले. चेहरा हलवला नाही. चांगले झाले होते पर्याय, कुणीही फसला असता.

बाबा ओठांतल्या ओठांत एकेक पुटपुटत होते. एरवी ते इतका वेळ कधी घेत नसत. मग त्यांनी उशीवरची मान हळूच तिच्याकडे वळवली. "यात उत्तर नाही."

"नीट बघा ना, बाबा."

"बघितलं. अगं, जन्मभर चुकत आलो मी. चुकीचं उत्तर कसं दिसतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? हा 'ब' तर अगदी मीच. हा 'ड'सुद्धा. ही चारही माझी आहेत, मास्तरणी." त्यांनी दम घेतला. "एक तुझं असतं नेहमी. तुझं कुठंय?"

तिला संपादकबाई आठवल्या, उगाचच. उत्तर नसलेला प्रश्न. आयुष्यातला पहिला, आणि तो तिने ह्या माणसाच्या हातात दिला होता.

"सोफ्यावर बसलेलं गिऱ्हाईक कम्फर्टेबल आहे म्हणालं, की मी ओळखायचो," बाबा म्हणाले. "याचा आता उठायचा विचार नाही. तेवढं इंग्रजी येतं मला. पण अर्थ तू सांग. नियम आहे आपला."

"तुम्ही बरे होणार नाही, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. आता फक्त दुखू देणार नाहीत."

बाबांनी डोळे मिटले. मास्तरीण वाट बघत राहिली, ते आता संपतील अशी. आईने तसंच सांगितलं होतं. ते संपले नाहीत. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे गेलं. तिने ते टॉवेलच्या टोकाने टिपलं. मग पुन्हा टिपलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून."

"आणि ही नळी तेव्हापासून उगाच?"

"हो."

ह्या 'हो'वर त्यांनी एक अस्सल शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही. बहुतेक नळीलाच. मग जरा वेळाने विचारलं, "पेपर असा चुकला की काय करतात तुमच्यात?"

"सगळ्यांना मार्क देतात."

"मग दे मला. पहिलेच आहेत." त्यांनी हात पुढे केला, तिने तो धरला. "आणि त्या सिस्टरला बोलव. घरी चल."

आई कपड्यांची पिशवी घेऊन आली, तेव्हा सिस्टर नळी काढत होती. आईने नळीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे. "सांगितलंस?"

"हो."

"माझी शपथ होती तुला."

"अगं, तिला बोलू नकोस," बाबा फाटक्या आवाजात म्हणाले. "मीच ओळखलं. आवर आता, दिवाणावरचा पसारा काढायला लागेल."

आईने पिशवीतले कपडे खाटेवर काढले, तसेच पुन्हा पिशवीत भरले. त्या क्षणापासून ती मास्तरणीशी बोलायची थांबली. कामापुरतं बोलायची. गोळी दिली का, दूध गरम कर, दार लाव. बस्स.

बाबा घरी आले. दिवाणावर, खिडकीखाली. फोमचा वास आला तसे म्हणाले, "हां." जवळजवळ सगळा वेळ झोपून असायचे, जागे असले की उलट्या खुर्च्यांकडे बोट करून कुठली कुणाची ते सांगायचे, आणि कुणाचं काम घाईचं आहे तेही. आई त्यांच्या पायथ्याशी बसून राहायची. धीर वरवरचा होता म्हणे. शेवटपर्यंत पुरला तेवढा. एका सकाळी मास्तरणीने दूध आणलं आणि ते उठलेच नाहीत.

लोक आले, गेले. मास्तरणीने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांच्या चपला नीट लावल्या. रडू आलं नाही. एक लांबची काकू दुसरीला म्हणाली, दगड आहे पोरगी. तिला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाली. मास्तरणीला त्यात खोटं काही सापडलं नाही.

मग घर रिकामं झालं. खुर्च्या ज्याच्या त्याला परत गेल्या. आई स्वयंपाकघरात, मास्तरीण पुढच्या खोलीत. मधे दार उघडं, पण बोलणं नाही. शपथ मोडलेल्या मुलीशी काय बोलायचं असतं, हे आईला माहीत नव्हतं, आणि आईला काय सांगायचं हे मुलीला माहीत नव्हतं.

कामाचा नवा गठ्ठा आला. मास्तरणीने लॅपटॉप उघडला आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "टू हिट द सॅक." वाचून ती थांबली. दिवाणाकडे बघू नये म्हणून तिने पडद्याकडे बघितलं. अर्थ सोपा, झोपायला जाणं. तो तिने लिहिला. एक चुकीचा पर्याय लिहिला, कामावरून काढून टाकणे. दुसरा लिहिला, चोरी करणे. तिसरा सुचेना. कितीतरी वेळ सुचेना. खिडकीतला उजेड सरकत सरकत दिवाणाच्या पायापर्यंत आला तरी 'क'पुढची जागा तशीच कोरी.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"सॅक म्हणजे दप्तरच ना?" आई आतूनच म्हणाली. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. "दप्तर आपटलं म्हणजे पोर घरी आलं. दुसरं काय असणार?"

मास्तरणीने दाराकडे मान वळवली.

"तू नाही का आपटायचीस? ह्याच खोलीत. ते म्हणायचे, आली बघ," आई म्हणाली. आणि मग, "चूक आहे का गं?"

"चूक," मास्तरीण म्हणाली. नियम होता.

"मग लिहून घे."

तिने लिहिलं. क, घरी परत येणे. चांगला पर्याय होता. निम्मी मुलं फसली असती. ते शब्द तिने एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरं दिसेनात. तिने लॅपटॉप खाली ठेवला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरासारखी, आणि आई हात पुसत बाहेर येऊन तिच्याशेजारी दिवाणावर बसली.